वैरागडे काकांची मोजणी

सहलीच्या यादीत आता पहिलं नाव माझं असतं. शुभदा, पुढे फोन नंबर, कोणत्या गाडीत, पाणी किती. मंडळातले नवे लोक हसतात. यादी करणारी तुम्हीच, पहिली गाडी चालवणारी तुम्हीच, मग स्वतःचं नाव कशाला, असं एकाने विचारलंही. मी त्याला म्हटलं, असू दे, सवय आहे. ही सवय ज्यांच्यामुळे लागली त्यांचं नाव माझ्या यादीत कधीच नव्हतं. तीन हिवाळे आम्ही बरोबर फिरलो, आणि माझ्या एकाही पानावर वैरागडे काका नाहीत.

आमचं चँडलर हे अमेरिकेच्या वाळवंटातलं, फिनिक्स शहराला चिकटलेलं गाव. रुंद सरळ रस्ते, मातीच्या रंगाची घरं, घराघराला उंच भिंत. पुण्यामुंबईचे, नागपूरचे लोक इथे चिप बनवणाऱ्या कारखान्यांत आणि आयटीत नोकरीला आहेत. त्यांचे आईवडील उन्हाळा सरला की येतात आणि सहा महिने राहतात. पहिल्या पंधरा दिवसांत त्यांचं मंदिर बघून होतं, मॉल बघून होतो, नातवाची शाळा बघून होते. मग ते खिडकीतून समोरच्या भिंतीकडे बघत बसतात. त्यांच्यासाठी मी शनिवारच्या सहली सुरू केल्या. सकाळी निघायचं, उजेडात परत यायचं. सेडोनाचे लाल डोंगर, दगड झालेल्या झाडांचं रान, सग्वारो निवडुंगांचं जंगल, तांब्याच्या खाणींची ओस पडलेली गावं. पंधरा ते वीस माणसं, चार गाड्या आणि माझी एक्सेल शीट. माझा पेशाच प्रोजेक्ट मॅनेजरचा. ज्या कामाला ओळ नाही ते काम होत नाही, असं मी ऑफिसात सांगत असते.

अशाच एका शनिवारी मृणाल तिच्या वडिलांना सोडायला आली. मृणाल माझ्या ओळखीची, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. आई गेल्यावर तिने वडिलांना चंद्रपूरहून कायमचं इकडे आणलं होतं. "बाबा इरिगेशनमध्ये होते. चालायला आवडतं त्यांना," एवढंच ती म्हणाली आणि ऑफिसच्या कॉलसाठी पळाली.

काका सत्तरी ओलांडलेले, काटक, उन्हाने रापलेले. डोक्याला आणि कानांना पांढरा दुपट्टा असा गुंडाळलेला की फक्त डोळे आणि नाक दिसावं. शर्टाच्या खिशात एक कांदा. मी नेहमीप्रमाणे सूचनांचं पान वाटत होते. ते पान आजवर कोणीच पूर्ण वाचलेलं नव्हतं. काकांनी दोन्ही बाजू वाचल्या.

"हे तुम्ही बनवलं?"

"हो."

"चांगलं आहे. पण सनस्क्रीन दुसऱ्या नंबरवर अन् पाणी सातव्या? गोरं राहून मरायचं आहे का लोकांना?"

पुढच्या शनिवारी पाणी पहिल्या नंबरवर होतं. काकांनी पान बघितलं, मान हलवली, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी शुभदाबाई झाले. वयाने लहान असलेल्या सगळ्यांना ते अरेतुरे करत. मला मात्र बाई, तेही थोडं चिडवल्यासारखं.

खिशातला कांदा हा विदर्भातला जुना रिवाज. उन्हात निघताना कांदा जवळ ठेवला की ऊन लागत नाही, असं तिकडे मानतात. एका पार्काच्या फाटकावर रेंजर बाईंनी वाकून विचारलं, सर, तुमच्या खिशात काय आहे. काका शांतपणे म्हणाले, "एअर कंडिशनर." रेंजर बाई हसायचं की नाही या विचारात असतानाच मागच्या सीटवरून कोणाच्या तरी नातीने विचारलं, "इज इट अ रिअल अनियन?" काकांनी तो काढून तिच्या हातात दिला. "वास घे. यानं ऊन थांबत नाही. पण खिशाला जड लागते ना, म्हणून ऊन आहे हे ध्यानात राहते."

त्यांना बाकीच्या गोष्टींत फारसा रस नव्हता. लाल डोंगरांपुढे सगळे फोन काढून उभे राहत, तेव्हा काका उलट्या दिशेला तोंड करून उभे असत. एकदा मी विचारलं, काय बघताय.

"आपण कुठून आलो ते. जाताना दिसते ते येताना तसं नसते. वळून पाहिलं नाही तर परतीचा रस्ता नवाच लागते."

वाळवंटाचं सौंदर्य वगैरे शब्द त्यांनी कधी वापरले नाहीत. कोरड्या ओढ्याला इथले लोक वॉश म्हणतात. काका नाला म्हणत. एका अरुंद घळीत, दोन्ही बाजूंना गुळगुळीत भिंती आणि वर आकाशाची जेमतेम पट्टी, अशा ठिकाणी मुलं आरडाओरडा करून प्रतिध्वनी ऐकत होती. काकांनी त्यांना थांबवलं आणि काठीने वर दाखवलं. आमच्या डोक्यांच्या कितीतरी वर, दोन भिंतींच्या मध्ये, एक अख्खं झाड आडवं अडकलेलं होतं. वाळून पांढरं पडलेलं, मुळांसकट.

"ते तिथं कोणी ठेवलं?"

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. कोणीतरी "द गव्हर्नमेंट?" म्हणालं.

"पाण्यानं," काका म्हणाले. "आता सांगा, ते ठेवत होतं तेव्हा तुम्ही जिथं उभे आहात तिथं काय होतं?"

मुलांनी पायांखालची वाळू बघितली. त्यांच्या आया माझ्याकडे जरा नाराजीने बघू लागल्या. त्या घळीत नंतर कोणी ओरडलं नाही.

त्यांचे नियम दोन होते. पहिला पाण्याचा. अर्धी बाटली संपली की पाय मागे. समोर काय आहे, किती जवळ आहे, याचा प्रश्नच नाही. पुण्याहून आलेले एक केळकर होते, जावयाकडे मुक्कामाला. टोकावरून दरी दिसते ती जागा दहा मिनिटांवर राहिली होती आणि काकांनी सगळ्यांना वळायला सांगितलं.

"अहो, मी दर रविवारी सिंहगड चढतो," केळकर म्हणाले.

"चढा ना बाप्पा. तिथं वर दही मिळते. इथं वर काय मिळून राहिलं?"

"दहा मिनिटांचा प्रश्न आहे हो."

"जायची दहा. यायची दहा तुमच्या बाटलीत आहेत का, दाखवा."

केळकरांनी बाटली दाखवली नाही. गाडीत ते दोन तास माझ्याशी बोलले नाहीत, जसा काही नियम मी केला होता. खरं तर मला तो नियम मनापासून आवडला होता. मी शीटमध्ये त्यासाठी रकाना केला.

दुसरा नियम मोजणीचा. निघताना, वळताना आणि गाडीत बसताना, असं तीनदा मोजायचं. मी यादीवर नावापुढे खूण करत असे. काका बोटाने, ओठ हलवत, प्रत्येकाच्या डोळ्यांत बघत मोजत. मग आम्ही आकडे एकमेकांना सांगायचो. पहिल्याच सहलीला मी त्यांचं नाव यादीत घालायला लागले तर त्यांनी माझं पेन धरलं.

"मला नाही घालायचं. तुम्हाला पण नाही."

"का?"

"मोजणारा मोजणीत नसते."

त्याचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, आणि ते ज्या दिवशी सांगितलं तो दिवस मला सांगायला हवा.

सप्टेंबरचा शेवट होता. शहरापासून दोन तासांवर, पूर्वेकडे, खाणींच्या गावांपलीकडे ती झाड अडकलेली घळ आहे. लोकांना फारशी माहीत नसलेली, म्हणून आमच्या आवडीची. आकाश निळंशार होतं. फोनवर हवामान बघून मी शीटमध्ये हिरवी खूण केली होती. घळीच्या तोंडाशी काका थांबले. वाळूत वाकले, मूठभर उचलून नाकाशी धरली. मग लांब उत्तरेला बघत राहिले. तिथे डोंगरांच्या मागे एक ढग होता, बोटाच्या पेराएवढा.

"आत नाही जायचं."

मी म्हटलं, "काका, इथे पावसाचा चान्स शून्य आहे."

"इथं शून्य आहे. हा नाला तिकडून येऊन राहिला."

सतरा माणसं घळीच्या तोंडाशी, वरच्या खडकावर, बसून राहिली. लोकांनी धपाटे काढले, लोणचं काढलं, थर्मास उघडले. तासभर काही झालं नाही. एक जावई मित्राला म्हणाला, "यार, यासाठी मी शनिवार घालवला?" काकांनी ऐकलं, पण वळून बघितलं नाही.

आधी वारा आला. थंड, घळीच्या आतून, कोणी तळघराचं दार उघडल्यासारखा. मग आवाज, लांबून ट्रक चढावर यावा तसा. आणि मग पाणी. पाणी म्हणावं असं ते नव्हतंच. काड्या, फांद्या, फेस आणि तांबडा चिखल यांची कमरेएवढी भिंत चालत आली आणि जिथे आमच्या पाऊलखुणा होत्या तिथून निघून गेली. वर आकाश तसंच निळं होतं. ऊन लख्ख. कोणाच्या हातातला धपाट्याचा तुकडा तसाच राहिला.

काका मोजत होते. सतरा. पुन्हा पहिल्यापासून, प्रत्येकाच्या डोळ्यांत बघत. सतरा. तिसऱ्यांदा मोजायला लागले तेव्हा मी त्यांच्या दंडाला हात लावला.

परतताना ते माझ्या गाडीत पुढे बसले. बऱ्याच वेळाने, मी न विचारता, म्हणाले, "बारा लेबर होते माझ्याकडे. नाल्याच्या सर्व्हेला. वर आभाळ भरलं, मी सगळ्यांना ट्रकमध्ये घातलं अन् मोजले. बारा भरले. निघालो." ते बाजूच्या आरशात मागचा रस्ता बघत होते. "मी मलाच मोजलं होतं त्यात. लहानू नावाचा पोरगा वरच्या वळणावर मोजणीची साखळी धरून उभा होता. मी सांगितलं होतं, मी बोलावतपर्यंत हलू नको. तो हलला नाही."

मी गाडी चालवत राहिले. त्या दिवसानंतर मी त्यांच्या मोजणीच्या नियमाला कधी हरकत घेतली नाही. इतर गोष्टींत मी पडताळून बघते. इथे बघितलं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात खुणा दिसायला लागल्या. दिसल्या तशा मी नोंदवल्या नाहीत, म्हणून आता क्रम आठवावा लागतो. आधी बहुधा पेट्रोल पंपावरचा प्रसंग. काका बाहेर आले आणि दुसऱ्याच कोणाच्या पांढऱ्या गाडीत मागे बसले. त्या बाई घाबरल्या. काका उलट त्यांनाच विचारत होते, शुभदाबाई कुठे आहे. आम्ही हसलो, तेही हसले. मग एका फाट्यावर ते थांबले, एका पालोव्हर्डे झाडाकडे बघत. "हे झाड डाव्या हाताला होतं." मी म्हटलं, येताना डावीकडे होतं, आता उजवीकडेच असणार. त्यांनी झाडाकडे असं बघितलं की जणू झाडाने जागा बदलून त्यांना फसवलं. पूर्वी ते मला दिवसात तीनदा विचारत, आज किती. आता दर अर्ध्या तासाला विचारू लागले.

फेब्रुवारीत मृणालचा फोन आला.

"शुभदाताई, बाबांनी दोनदा गॅस चालू ठेवला. डॉक्टर म्हणतात सुरुवात आहे. मी त्यांना ट्रिपला पाठवू की नको?"

मी सांगितलं की विचार करून सांगते. पण त्याच संध्याकाळी काका स्वतः चालत माझ्या दारात आले. आत बसायला तयार नव्हते.

"मृणालनं फोन केला ना तुम्हाला?"

"केला."

"मला घरी नका बसवू. घरात मी खुर्चीवर बसतो अन् ती खुर्ची कोणाची आहे ते आठवत नाही. तिकडं मला दगड न् दगड आठवते. ते पण गेलं तर मग काय, मी नुसता ठेवलेला माणूस होईन." मग, "एप्रिलपर्यंत तर न्या. पुढच्या साली पाहू."

मी मृणालला कळवलं की नेऊ, पण सतत कोणीतरी त्यांच्याबरोबर राहील. आणि हे मी चोख केलं. आमच्यातला विकास नावाचा मुलगा, तिशीचा, शांत, दर सहलीला येणारा. त्याच्याशी बोलले. शीटमध्ये त्याच्या नावापुढच्या रकान्यात लिहिलं: काकांबरोबर, कायम. काकांच्या नावापुढे लिहिता आलं नसतं. त्यांना ओळच नव्हती.

दोन सहली नीट पार पडल्या. विकास सावलीसारखा त्यांच्यामागे असे आणि काकांना ते कळू देत नसे. "हा पोरगा मला शिकवा म्हणून पाठीमागं लागला आहे," असं काका मला कौतुकाने सांगत.

एप्रिलमधली ती त्या हंगामातली शेवटची सहल. जिथे पाणी आलं होतं त्याच घळीत जायचं होतं. पाऊस कुठेही नव्हता, मी दोनशे मैलांपर्यंत बघितलं होतं. सकाळी साडेपाचला विकासचा मेसेज आला: मुलीला ताप, कॅन्सल करतोय, सॉरी ताई. मी तेव्हा बर्फाचे डबे भरत होते. फोनवरच शीट उघडली, विकासची ओळ काढून टाकली, एकूण आकडा एकोणीसचा अठरा झाला, गाड्यांची वाटणी पुन्हा केली. तीन मिनिटांत सगळं जुळलं. त्या ओळीबरोबर आणखी काय गेलं हे माझ्या लक्षात आलं नाही. शीटमध्ये भोक पडत नाही. खालच्या ओळी वर सरकतात आणि सगळं भरलेलं दिसतं.

ऊन त्या वर्षी लवकर चढलं होतं. आम्ही सातच्या सुमाराला गावाबाहेर पडलो, नऊला चालायला लागलो, साडेअकराला घळीबाहेर गाड्यांपाशी आलो. काका सकाळभर चांगले होते. वाळूतल्या एका खुणेवरून इथून रात्री रानडुकरं गेली असं सांगितलं, अडकलेलं झाड नव्या मुलांना दाखवलं, तोच प्रश्न विचारला. गाड्यांपाशी मी यादीवर खुणा केल्या.

"अठरा," मी म्हटलं.

काका अजून मोजत होते. ओठ हलत होते.

"अठरा," तेही म्हणाले. मग, "एकोणीस ना?"

"मागच्या वेळी एकोणीस होते काका. आज अठरा."

"असं का?"

"हो. विकास नाही आला आज."

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं समजलं. मी बर्फाचा डबा उचलून डिकीत ठेवायला वळले. काका कधी कोणत्या गाडीत बसतील याचा नेम नसे. मनात येईल त्या गाडीत बसत, सगळ्यांनाच ते आपल्या गाडीत हवे असत. मी गाडी सुरू केली. बाजूच्या आरशात मला पांढरा दुपट्टा दिसला, घळीच्या तोंडाकडे पाठमोरा जाताना. निघण्यापूर्वी ते एकदा असे मागे जाऊन बघत. वळून बघणं हा त्यांचा धर्मच होता. मी आरशातून नजर काढली आणि रस्त्याला लागले. मागच्या तीन गाड्या माझ्यामागे निघाल्या. प्रत्येकाला वाटलं, काका दुसऱ्या गाडीत आहेत.

चाळीस मिनिटांनी खाणीच्या गावातल्या पेट्रोल पंपावर आम्ही चहाला थांबलो. थर्मास दोन असतात, साखरेचा आणि बिनसाखरेचा. बिनसाखरेचा पहिला कप काकांचा. मी तो भरला, हात पुढे केला, आणि घ्यायला कोणी नव्हतं.

"काका कुठे आहेत?"

"तुमच्या गाडीत ना, ताई?"

मी चारही गाड्यांत बघितलं. नंतर, काय सुचलं कोण जाणे, मी यादी काढून बघितली. अठरा नावं, अठरा खुणा.

पंपावरून नऊशे अकरा या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन केला. दोन गाड्या घेऊन आम्ही परत गेलो. गाड्या उभ्या केल्या होत्या ती जागा रिकामी होती, वाळूत आमच्याच चाकांच्या खुणा, आणि घळीत शिरणारी एक पावलांची रांग. आत जाणारी. बाहेर येणारी नाही. आम्ही हाका मारल्या. त्या घळीत हाक भिंतींवर आपटून इतक्या बाजूंनी परत येते की कोणी उत्तर दिलं तरी कळणार नाही. शोधपथक आलं तेव्हा दीड वाजून गेला होता. त्यांच्या प्रमुखाने मला विचारलं, एकूण किती माणसं होती तुमची. मी म्हटलं अठरा. मग म्हटलं, नाही, वीस. त्याने माझ्याकडे बघितलं आणि वहीत काही लिहिलं नाही.

पाचच्या सुमाराला ते सापडले. आम्ही सकाळी जिथून परत फिरलो होतो त्याच्याही दोन मैल पुढे, एका वळणावर, कपारीच्या सावलीत. जिवंत होते. दुपट्टा डोक्याला नव्हता. अलीकडच्या एका झुडपाला बांधला होता, दुरून दिसावा असा. ओठ फुटलेले, जीभ सुजलेली. शेजारी त्यांच्या पिशवीत दोन बाटल्या होत्या. स्वयंसेवकाने नंतर त्या माझ्याकडे दिल्या. एक अर्धी होती. दुसरी गळ्यापर्यंत भरलेली, सीलसुद्धा तोडलेलं नव्हतं.

त्यांना स्ट्रेचरवरून आणलं तेव्हा मी शेजारून चालत होते. त्यांनी डोळे उघडले.

"सापडला का?"

"कोण, काका?"

"एकोणिसावा." मग, "पाणी आहे त्याच्यासाठी. मी नाही प्यायलो. तो आला की लागेल."

मूत्रपिंडं सावरली. दवाखान्यात नऊ दिवस काढून काका घरी आले, पण पूर्ण आले नाहीत. मृणालने मला एका शब्दाने दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, "तुमच्या शीटमध्ये आहे म्हटल्यावर मी निर्धास्त झाले होते." विकास आठवडाभर रोज फोन करून रडत होता. त्याला मी सांगितलं की तुझं काही चुकलं नाही, आणि ते खरं होतं.

जूनमध्ये मृणालच्या नवऱ्याची बदली नेपरव्हिलला झाली. शिकागोच्या पश्चिमेला, बर्फाचा प्रदेश. सामानाचा ट्रक आला त्या सकाळी मी पोळीभाजीचे डबे घेऊन गेले. काका मागच्या अंगणात खुर्चीवर बसले होते, पूर्वेला तोंड करून. भिंतीवरून डोंगराची निळी कड दिसत होती. मांडीवर स्टीलची बाटली.

मी समोर बसले. ओळखलं की नाही ते कळलं नाही. मृणाल दारात आली, मागे जावई, त्याच्या खांद्यावर पेंगुळलेली नात. काकांनी बोट उचललं. ओठ हलायला लागले. प्रत्येकाच्या डोळ्यांत बघत, मग माझ्या.

"चार," ते म्हणाले.

"सगळे आलो काका," मी म्हटलं. "तोही सापडला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर पूर्वीची होती, सूचनांचं पान दोन्ही बाजूंनी वाचलं तेव्हाची.

"खोटं काहून बोलून राहिल्या शुभदाबाई? तो हलला नाही अजून."

जावयाने त्यांना हात देऊन उठवलं. गाडीकडे जाता जाता ते थांबले, मागे वळले, आणि हातातली बाटली अंगणाच्या कठड्यावर ठेवली. ऊन तिच्यावर येत होतं. त्यांनी ती दोन वीत आत, सावलीत सरकवली. मग गाडीत जाऊन बसले.

ट्रक गेला, गाडी गेली. घराला मृणालने कुलूप लावलं होतं, पण अंगणाचं फाटक उघडंच होतं. मी बाटली हलवून बघितली. भरलेली होती. मी ती जिथे होती तिथेच ठेवली आणि फाटक लावलं नाही.